खारीच्या घरातला निळा दोरा

ये गं प्राजक्ता, अशी जवळ बस. दारात चप्पल घालून उभ्या उभ्या कसलं "मावशी लेख, मावशी लेख" करतेस? देते लेख. पण आधी तुला जरा रागवायचं आहे. सोसायटीच्या दिवाळी अंकाची तू संपादक, शिकलेली मुलगी, आणि तुझ्या बाल्कनीच्या ग्रिलला ते दोऱ्यांचे न् लोकरीचे रंगीत झुबके टांगून ठेवलेस ना, पक्ष्यांना आणि खारींना घरट्यासाठी म्हणून? मोबाइलवर कुठंतरी बघितलंस म्हणे. मन चांगलं आहे तुझं, त्यात शंकाच नाही. पण आज घरी गेलीस की चहाचं आधण ठेवायच्या आधी ते झुबके काढ. का काढायचे, तेच या लेखात लिहिलंय. म्हणजे तुझा लेखही झाला आणि माझं रागवणंही छापून आलं. चार बिल्डिंगा वाचतील.

माझं काम तुला माहीत आहे, पण अंक वाचणाऱ्या सगळ्यांना नसेल. आपल्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडं चारकोपची इंडस्ट्रियल इस्टेट. तिथं पहिल्या मजल्यावर लहान मुलांच्या कपड्यांचं एक युनिट होतं, तिथं मी धागाकटिंगला होते. लोक म्हणायचे, म्हणजे शिवणकाम का? नाही हो. शिवणारे वेगळे. मास्टर कापडाचे थर लावून कापतो, कारागीर मशीनवर शिवतात, कडा ओव्हरलॉक होतात, काजं-बटणं होतात. आणि प्रत्येक शिलाई जिथं संपते तिथं दोऱ्याची एक शेपटी लोंबत राहते. एका फ्रॉकला अशा वीस-पंचवीस शेपट्या. त्या कुणीतरी कापायला नकोत? ते कुणीतरी म्हणजे आम्ही बायका. हातात बोटाएवढा स्प्रिंगचा कटर, मांडीवर फ्रॉक. कट कट कट, फ्रॉक उलटा, कट कट कट, पुढचा. दुकानात तुम्ही फ्रॉक हातात घेता तेव्हा त्याला एकही दोरा लोंबत नसतो, आणि तो कुणी कापला असेल हे तुमच्या स्वप्नातही येत नाही. आमचं काम बरोबर झालं की दिसतच नाही. चुकलं तर मात्र सगळ्या जगाला दिसतं.

नवी मुलगी कामावर आली की तिला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे. बाहेरचा दोरा राहिला तर फार तर माल परत येईल, मॅडम ओरडतील, संपलं. पण आतला दोरा राहायला नको. झबल्याच्या बाहीत, नाहीतर तान्ह्या बाळाच्या पायमोज्यात एक लांब दोरा राहिला, तर तो बाळाच्या बोटाला गुंडाळतो. बाळ पाय झाडतं, दोरा आवळत जातो. बोट निळं पडतं. बाळ नुसतं रडतं आणि आई बिचारी त्याला दूध पाजत बसते. म्हणून मोजा उलटा करायचा, आत बोट घालून फिरवायचं, मगच पुढच्या ढिगात टाकायचा. प्रत्येक मोजा. कंटाळा आला तरी. हे वाक्य मी इतक्या मुलींना इतक्या वेळा ऐकवलंय की सुमनवहिनी माझी नक्कल करायची, "मोज्यात बोट घाल गो बाये, मावशी बघता हा!"

ही सुमनवहिनी माझ्या शेजारी बसायची. मालवणची. खारीला ती चानी म्हणायची.

आता खारीकडे येते. धागाकटिंगला उजेड लागतो, म्हणून आमची जागा खिडकीशी. आणि खिडकीबाहेर भिंतीवर ओणवलेला देशी बदाम, माझ्या स्वयंपाकघरातून दिसतो तोच. मान खाली घालून काम करायचं आणि मान दुखली की वर बघायचं. वर बघितलं की खार. शाळा माझी सातवीपर्यंत. खारीबद्दल जे काही मला कळतं ते सगळं मान दुखल्यामुळं कळलंय.

केवढीशी असते ती, शेपूट सोडलं तर वीतभरसुद्धा भरणार नाही. पण काय तिचा एकेक अवयव! पुढच्या दोन पायांनी बदामाचं फळ धरते, आपण कणीस धरतो तसं, आणि गोल गोल फिरवत वरचं साल खरवडते. दात सारखे वाढतात तिचे, म्हणून सारखं काहीतरी कुरतडायला लागतं. नाहीतर तोंडच मिटायचं नाही. फळं खाते, बिया खाते, शेवगा फुलला की फुलात तोंड खुपसून मध पिते, आणि मग नाक पिवळं घेऊन फिरते हळदीकुंकवाहून आल्यासारखी. किडे-मुंग्याही खाते. मला आधी वाटायचं शुद्ध शाकाहारी आहे.

आणि तिचं उतरणं बघ एकदा नीट. मांजर झाडावर चढतं झकास, पण उतरताना त्याची वाट लागते. खार कशी उतरते? डोकं खाली करून, सरळ, धावत. कारण तिचे मागचे पाय घोट्यातून पार मागं वळतात. नखं वरच्या बाजूला सालीत रुततात आणि ती त्या आकड्यांवर लोंबत खाली येते. हे मला कळायला दोन वर्षं लागली. मास्टरला दाखवलं तर तो म्हणाला, "मावशी, ये तो भगवान का कटिंग है. एक इंच भी कपडा वेस्ट नहीं."

आमचा मास्टर जौनपूरकडचा. त्याच्याशी माझं एकच मोठं भांडण झालं, तेही खारीवरून. मी म्हटलं, पाठीवर तीन पट्टे, रामाची तीन बोटं. तो म्हणाला, "तीन नहीं, पाँच." मी त्याला खिडकीशी नेऊन मोजून दाखवले. तर म्हणतो, "यहाँ की गिलहरी गरीब है. हमारे गाँव में पाँच होते हैं." मला वाटलं, फेकतोय. उत्तरेकडं सगळंच मोठं असतं ना यांच्या. पण तो गावी गेला आणि येताना मोबाइलमध्ये फोटो घेऊन आला. खरंच पाच! ती जातच वेगळी, दिसायला सख्खी बहीण. सुमनवहिनीनं निकाल दिला, "थय रामान अख्खो पंजो फिरवलो, हय येईसर हात दुखलो."

तर अशी मजेत चाललेली. मग चोरी झाली.

तान्ह्या बाळांच्या दुपट्यांचा एक खोका खिडकीखाली ठेवला होता. सकाळी बघतो तर कोपऱ्यातून भोक, आणि आतलं वरचं दुपटं कुरतडून त्यातला कापूस अर्धा गायब. मी वर बघितलं. ग्रिलवर बाई बसलेल्या, तोंडात दोन्ही बाजूंनी कापूस, सैनिकाच्या मिशीसारखा. ती कापूस हातानं गोळा करते, तोंडात कोंबते आणि उचलून नेते. पोटुशी होती. खारीण पोटुशी राहिली की महिना-सव्वा महिन्यात विते, तेवढ्यात घर उभं करायला लागतं. तेही एकटीनं. नर लग्नापुरता असतो, नंतर काडी उचलत नाही. काड्या, पानांच्या शिरा, नारळाचा काथ्या, कापूस, जे मिळेल ते आणून ती गोल चेंडूसारखं घर करते, आणि एक घर नाही हं, दोन-तीन. एकावर संकट आलं की पिल्लं उचलून दुसऱ्यात.

आमच्या सुपरवायझर दळवी मॅडम. बाई कामाची, पण तोंडाची फटकळ. त्या म्हणाल्या, "उद्या खिडकीला बारीक जाळी मारून घेते. तुमच्या लाडक्या बाईनं माझा पीस खाल्ला."

मी म्हटलं, "मॅडम, जाळी मारली तर उजेड जाईल. त्यापेक्षा तिला तिचा वाटा देऊन टाकू ना. आपला एवढा दोरा रोज कचऱ्यात जातो. तो बाहेर टांगते. तिला घरटं होईल, आपला माल वाचेल."

मॅडमना पटलं. मला तर इतकं पटलं की मी स्वतःवरच खूश. कापलेल्या दोऱ्यांचा रोज एक झुबका करायचा आणि ग्रिलला बांधायचा. आखूड तुकडे हातात येत नाहीत म्हणून मी मुद्दाम लांब लांब निवडून ठेवायचे. हे लिहिताना आजही हात थांबतो बघ. मुद्दाम लांब निवडायचे.

आणि काय नेला तिनं! तासात झुबका साफ. माल खायची बंद झाली. बंद पडलेल्या एक्झॉस्ट पंख्याच्या भोकात तिचं घर होतं, त्यातून रंगीत टोकं बाहेर डोकवायची. गुलाबी दिसला की समजायचं हा फ्रॉकचा, पिवळा झबल्यांचा. आमच्या युनिटनं त्या दिवसांत काय काय शिवलं ते त्या भोकात वाचता यायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दाखवायचे. "बघा, आमच्या खारीचं घर ब्रँडेड आहे."

मग उन्हं तापायला लागली आणि मॅडमनी एक्झॉस्ट दुरुस्तीला इलेक्ट्रिशियन बोलावला. दुपारचे तीन वाजले असतील. मी मोरीत हात धुवायला गेले होते. त्यानं स्टुलावर चढून पंख्याची चौकट ओढली आणि त्या चौकटीबरोबर अख्खं घरटं मास्टरच्या कटिंग टेबलावर पडलं. मी ओरडा ऐकून धावत आले. आई ग्रिलवर. प्रत्येक हाकेबरोबर शेपूट झटकत, चिक् चिक् चिक् चिक्, कान किटतील अशी. बोका दिसला की ती असंच ओरडते, पण हा आवाज त्याच्याहून वरचा होता.

टेबलावर चार पिल्लं. करंगळीएवढी. डोळे मिटलेले, पापण्या टाके घातल्यासारख्या बंद. अंगावर नुकती लव आलेली, आणि त्या लवेत तीन-तीन पट्टे, पेन्सिलनं हलकेच मारल्यासारखे.

"उठाके खिडकी में रख दो, माँ ले जायेगी," मास्टर म्हणाला.

मी एक पिल्लू उचललं. चारही वर आली. किल्ल्यांच्या जुडग्यासारखी.

दोरा होता गं. निळा. चौघांच्या मागच्या पायांना, शेपटांना, एकमेकांना गुंडाळलेला. त्यांनी रोज रात्रंदिवस वळवळून तो स्वतःच आवळला होता. आणि तो निळा रंग मला ओळखायला वेळ लागला नाही. मागच्या महिन्यातल्या मोज्यांचा. होजिअरीचे, तान्ह्या बाळाचे, ज्यांच्या आत मी एकेक बोट घालून बघितलं होतं.

पोरीबाळींना आयुष्यभर शिकवलं, आतला दोरा ठेवू नका. आणि मी स्वतःच्या हातानं लांबातला लांब दोरा निवडून एका आईच्या घरात पाठवला होता. सुती दोरा असता तर कुजला असता, तुटला असता. आमचा पॉलिस्टरचा. तुटत नाही, कुजत नाही. युनिटमध्ये आम्ही त्याचंच कौतुक करायचो.

सुमनवहिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "अगो, तू हात लावलंस? माणसाचो वास इलो, आता आवस घेवची नाय."

माणसाचा वास लागला की आई पिल्लू घेत नाही, हे सगळेच म्हणतात, आणि त्या क्षणी मलाही तेच खरं वाटलं. मॅडम आल्या. पाचला टेम्पो यायचा होता आणि माझ्या पुढ्यात फ्रॉकचा ढीग तसाच. त्यांनी टेबलाकडं बघितलं. मी म्हटलं, "मॅडम, मला कटर चालवू द्या."

"किती वेळ?"

"माहीत नाही. पण अंधार पडायच्या आत."

कारण खार उजेडातला जीव. सूर्य गेला की ती घरात शिरते, ती सकाळीच बाहेर येते. अंधार पडला की आई येणार नाही, आणि एवढी पिल्लं रात्रभर आईच्या उबेशिवाय, दुधाशिवाय टिकत नाहीत. तिनं चाटल्याशिवाय त्यांना लघवीसुद्धा होत नाही. आज कुणाच्या बाबतीत असं झालं तर गाठ पडलेलं पिल्लू सरळ प्राण्यांच्या डॉक्टरकडं न्या, माझ्यासारखं करू नका. पण तेव्हा आम्हाला कुणी डॉक्टर माहीत नव्हता, आणि आई समोर ओरडत होती.

मॅडम म्हणाल्या, "करा. फ्रॉक मी बघते." आणि मॅडम, ज्यांनी कधी कटर हातात धरला नव्हता, त्या माझ्या जागेवर जाऊन बसल्या.

प्रेसवाल्यानं सुती कापडाची घडी इस्त्रीनं कोमट करून दिली. त्यावर पिल्लं ठेवली. सुमनवहिनीच्या पर्समध्ये खोबरेलाची छोटी बाटली असायची, ती तिनं काढली. मास्टरनं स्वतःचा चष्मा माझ्या नाकावर चढवला, कारण माझा घरी राहिला होता. दोऱ्यावर तेलाचा थेंब सोडायचा, बोथट सुईनं दोरा कातडीवरून केसभर उचलायचा, आणि त्या केसभर जागेत कटरचं टोक घालायचं. लाखो दोरे कापले असतील मी. असा एकही कापला नव्हता. फ्रॉकला ऊब नसते, फ्रॉक श्वास घेत नाही.

पहिलं पिल्लू सुटलं. पायावर लाल रेघ, बाकी धड. मी ते कोमट कापडाच्या तुकड्यावर खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि मागं सरकले. सुमनवहिनी पुटपुटली, "घेवची नाय, बघ."

आई ग्रिलवरून खाली आली. थांबली. हुंगलं. मग पिल्लाला पुढच्या पायांनी उलटं केलं, पोटाशी तोंडात धरलं, आणि ते पिल्लू तिच्या मानेभोवती गळपट्ट्यासारखं गुंडाळून बसलं. गेली! ग्रिलमधून बाहेर, केबलच्या वायरवरून धावत, बदामाच्या ढोलीकडं. तिचं दुसरं घर तिथं होतं.

"घेतल्यान गे!" सुमनवहिनी ओरडली. "काय ता वासाचा? खोटा सगळा!"

खोटंच आहे ते. आईला माणसाचा वास चालतो, तिला फक्त पिल्लू पाहिजे असतं. माणूस खिडकीतून हटला पाहिजे, एवढीच तिची अट.

दुसरं सुटेपर्यंत ती परत कठड्यावर हजर. मी इकडं काढतेय, ती तिकडं वाट बघतेय. पीस तयार झाला की ती हुंगून तपासणार, पास करणार, उचलणार. एवढ्या वर्षांत असा चेकर आमच्या युनिटला मिळाला नव्हता. मास्टर कुजबुजला, "मावशी, जल्दी. पार्टी खडी है."

तिसऱ्याच्या शेपटाला गाठ होती, तिला वेळ लागला. तेही गेलं. दोनदा शेपूट झटकून ती माझ्यावर ओरडली, उशीर झाला म्हणून असेल.

चौथं राहिलं. सगळ्यात तळाशी होतं ते, आणि सगळ्यांचा ताण त्याच्या एका पायावर आला होता. डावा मागचा पाय. दोरा कातडीत बुडालेला, आणि दोऱ्याच्या पुढचा पंजा काळा. मनुक्यासारखा. मला कळलं की हा पाय गेलाय. दोरा काढायचा तर पिल्लू हातातच दगावायची भीती, नाही काढला तर विष वर चढणार.

मॅडम माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. टेम्पो येऊन खाली उभा होता, त्याचा हॉर्न वाजत होता. "मावशी," त्या म्हणाल्या, "हे एक सोडून द्या. तीन वाचली ना?"

मी म्हटलं, "मॅडम, हाच तर माझा दोरा आहे."

त्या खिडकीशी गेल्या. खिडकीतून टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "थांब रे जरा, बोंबलू नको."

किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी सुईच्या टोकाला दोरा लागला, कटर बसला, आणि कट असा आवाज आला. मी आयुष्यात ऐकलेला सगळ्यात लहान कट. पिल्लू ओरडलं नाही. तोंड उघडलं नुसतं, आणि मिटलं.

पण कठड्यावर कुणी नव्हतं. पलीकडं सेक्टरच्या बिल्डिंगांमागं सूर्य गेला होता. बदामाची पानं काळी दिसायला लागली होती. पिल्लू कठड्यावर ठेवलं, कोमट कापड बदललं. ती आली नाही. आत ट्यूबलाइट भगभगत होत्या, बारा मशिनी धडधडत होत्या. मी मॅडमकडं बघितलं. दिवे-मशिनी बंद करा म्हणायचा मला धीर झाला नाही. त्यांनीच भिंतीवरचं मेन बटण खाली केलं.

सगळं बंद. मशिनी, पंखे, दिवे. युनिटमध्ये कामाच्या वेळेत असं कधी झालं नव्हतं. तीस माणसं जागच्या जागी गप्प. कुणी खोकलंसुद्धा नाही. बाहेर जो काय उरलासुरला उजेड होता तो तेवढा कठड्यावर.

ती आली. हुंगलं. काळ्या पायाशी तोंड नेलं, तिथं बराच वेळ थांबली. मग तशीच वळली आणि निघून गेली. रिकामी.

सुमनवहिनीनं माझा हात धरला. मला वाटलं, पास नाही केला तिनं. चेकरला दोष दिसला की पीस बाजूला काढतो, मी हजारदा काढलाय.

आणि मग केबल हलली. ती परत आली, धावत. आता हुंगलं नाही, तपासलं नाही. उलटं केलं, पोटाशी धरलं, मानेभोवती गुंडाळलं. त्याचा तो काळा पाय तिच्या गालाशी लोंबत होता. गेली. मधल्या वेळात ती कशाला गेली होती, मला माहीत नाही. बोका आहे का बघायला गेली असेल, बाकीच्या तिघांवर नजर टाकायला गेली असेल. मला आपलं वाटतं, ती जागा करायला गेली होती.

मॅडमनी बटण वर केलं. सगळ्या मशिनी एकदम सुरू झाल्या आणि त्या आवाजात मी काय रडले म्हणून सांगू. मास्टर म्हणाला, "मेरा चश्मा भिगाओ मत."

फ्रॉक रात्री आठला गेले. मॅडमनी कापलेल्या पहिल्या ढिगातले निम्मे मला परत कापावे लागले, ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी ग्रिलवरचा झुबका मी काढला. त्यानंतर मास्टर कात्रणांतलं फक्त सुती कापड निवडून त्याचे बोटाच्या पेरापेक्षा आखूड तुकडे करून द्यायचा, ते मी कठड्यावर ठेवायचे. दोरा नाही, लोकर नाही, पॉलिस्टरचा कापूस नाही. ती ते न्यायची किंवा न्यायची नाही. खरं सांगू, तिला आमची गरज नव्हतीच. काथ्या होता, बदामाची पानं होती, शेवरीचा कापूस होता. तिला घर बांधता येत होतं. मलाच हौस होती, तिच्या घरात माझं काहीतरी असावं.

पुढं दीड-दोन महिन्यांनी बदामावर चार लहान खारी दिसायला लागल्या. तीन डोकं खाली करून सुळ्ळकन उतरायच्या, आईसारख्या. चौथी फांदीच्या टोकाशी यायची, थांबायची, वळायची, आणि शेपूट पुढं करून उलटी उतरायची, आपण शिडी उतरतो तशी. डावा मागचा पाय घोट्याशी संपलेला. लोंबायला तिला दुसरा आकडाच नाही ना. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कटर खाली ठेवला. सुमनवहिनी म्हणाली, "बघ गो, तुझी चानी." मला 'तुझी' हा शब्द टोचला, आणि आवडलाही. दोन्ही.

आता युनिट वसईला गेलं, मी घरी बसले. पण बदाम तिथंच आहे आणि ती अजून येते. सकाळी साडेसातला, ऊन माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत येतं त्याच्या आधी. मध्यंतरी तिलाही पिल्लं झाली. एकेक मानेभोवती गुंडाळून तिनंही घर बदललं, तीन पायांवर, केबलवरून. मी गॅस बंद करायचं विसरून बघत उभी राहिले. दूध उतू गेलं होतं तोपर्यंत.

म्हणून म्हणते प्राजक्ता, दारातून पळू नकोस. गुडघ्यांमुळं मी हल्ली जिना आडवी उतरते, तुझ्या मजल्यावर काही माझ्याच्यानं यायचं होत नाही. तूच ये. एखाद्या सकाळी, आंघोळ राहिली तरी चालेल. खारीचं आयुष्य काही फार नसतं गं, चार-पाच वर्षं म्हणजे तिची पुष्कळ झाली. चहा मी ठेवते, खिडकीतली खुर्ची तुझी. येताना काही आणू नकोस. फक्त ते ग्रिलवरचे झुबके घेऊन ये, माझा कटर अजून धारदार आहे. लवकर ये.